आधी पाय, मग कायदा

म्हात्रेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पेणच्या कोर्टामागच्या नळावर पाय धूत होत्या. पोटरीपर्यंत चिखल, पांढरी साडी वर खोचलेली आणि शेजारच्या पेरूच्या फांदीवर काळा कोट टांगलेला. तो कोट मला दिसला नाही. मला दिसली ती चिखलाने माखलेली एक बाई. तारखेला आलेली कुणी पक्षकार असेल असं समजून मी मोठ्या मायेनं विचारलं, "मावशी, कुठल्या गावच्या? वकील कोण तुमचे?"

त्यांनी दुसरा पाय नळाखाली धरला. "आजच्या तुमच्या दाव्यात समोरच्या बाजूनं मीच हाय," त्या म्हणाल्या. "बसा तुम्ही आत. आले मी पाच मिन्टात."

त्या दिवशी मी तो दावा हरलो नाही. पुढच्या तारखेला हरलो.

मग वीसएक वर्षं आम्ही बाररूममध्ये एकाच टेबलाला समोरासमोर बसलो. मी वैद्य. आमचं घराणं एकेकाळचं जमीनवालं. कूळकायद्यात जमिनी गेल्या आणि पुढच्या पिढ्यांनी कुणी खडू हातात घेतला, कुणी काळा कोट चढवला. वत्सला म्हात्रे या पेणच्या खाडीकडच्या भातशेतकऱ्याच्या घरातल्या, म्हणजे आमच्या जमिनी ज्यांच्याकडे गेल्या त्यांच्यातल्या. मी त्यावरून त्यांना चिडवायचो. त्या डबा उघडता उघडता म्हणायच्या, "तुमच्या आजोबांनी एकदा तरी शेतात पाय घातला असता ना वैद्य, तर राहिली असती जमीन." आणि तांदळाच्या भाकरीबरोबर वालाचं बिरडं माझ्या ताटलीत वाढायच्या. त्या बिरड्यापुढे अपमान गिळायला मला कधी जड गेलं नाही.

त्यांच्या कापडी पिशवीत कागदपत्रांबरोबर नेहमी दोन गोष्टी असत. एक लाकडी फूटपट्टी आणि एक जादा प्लास्टिकच्या चपलांचा जोड. सातबारा वाचताना त्या फूटपट्टी एकेका ओळीखाली धरून खाली सरकवत. घाई केली की डोळा ओळ गाळतो, आणि नेमक्या गाळलेल्या ओळीतच भांडण असतं, असं त्यांचं म्हणणं. चपला बांधावर चालायला. जमिनीचा दावा असला की आधी जागेवर जायचं, शेत चहूबाजूंनी चालायचं आणि मगच कागदाला हात लावायचा. पक्षकार वैतागायचे. "बाय, सगलं लिवलंय ना सातबाऱ्यावर!" बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "आधी पाय, मग कायदा."

हे आम्ही बाकीचे वकील थट्टेत घ्यायचो. बाई चिखलातून येतात म्हणून बाररूमची फरशी खराब होते, अशी एक तक्रारही कुणीतरी केली होती. ती तक्रार मी केली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

थट्टा बंद झाली ती रोह्याला. मंगळवार-शुक्रवार आमची दोघांची तिकडे कामं असत. कुंडलिकेकाठच्या एका शेतावर एका बागायतदाराने दावा लावला होता की, तीस वर्षं ही जमीन मीच कसतोय. पावत्या होत्या, पंचांची प्रतिज्ञापत्रं होती, त्याचा वकीलही जाडजूड होता. बाई त्या शेताच्या गरीब मालकाकडून उभ्या होत्या आणि त्याच्याकडे कागद म्हणावा असा कागद नव्हता. उलटतपासणीला उठून त्यांनी बागायतदाराला विचारलं, "शेताचं नाव काय?"

त्याने गट नंबर सांगितला.

"नंबर नाही विचारला. नाव विचारलं."

तो वकिलाकडे बघू लागला. वकील कमालीच्या एकाग्रतेनं पेनाचं टोपण बघू लागला. आमच्याकडे प्रत्येक खाचराला नाव असतं. ते कुठल्याही दप्तरात नसतं; ते कसणाऱ्याच्या तोंडात असतं. बाईंनी आपल्या म्हाताऱ्या पक्षकाराला साक्षीला उभं केलं तेव्हा पुन्हा तेच विचारलं. "रेडखाच," तो फटकन म्हणाला, "आमच्या आज्याचा रेडा रुतून मेला तिच्यात." वरच्या खाचराचं नाव? "उंबरखाच." आणि खालच्याचं?

"सासूची."

न्यायाधीशांनी मान वर केली. "सासूची का?"

"तिच्यात कितीबी राबा साहेब, समाधान नाय."

सगळं कोर्ट हसलं, न्यायाधीशही हसले. निकालात त्यांनी लिहिलं की जो स्वतः जमीन कसतो त्याला तिचं नाव ठाऊक नसणं संभवत नाही. त्यानंतर फरशीबद्दल कुणी बोललं नाही.

आता मुंबईच्या त्या मोठ्या वकिली फर्मचं सांगतो, कारण बाईंच्या आयुष्याचा खरा दावा तोच.

संगणकावरचे सातबारे नुकतेच आले होते आणि पेण तालुक्यात मोठमोठ्या कंपन्या जमिनी बघत फिरत होत्या. त्यातल्या एका कंपनीला खाडीकडेची खारजमीन घेऊन, भराव टाकून गोदामं बांधायची होती. तिच्या बाजूनं मुंबईची एक मोठी वकिलांची फर्म होती. कडक इस्त्रीची चार तरुण मुलं येऊन निबंधक कार्यालयात बसली, तीन दिवसांत सगळे कागद तपासून गेली आणि जमीन निर्वेध असल्याचा अहवाल दिला. गावकऱ्यांच्या वतीनं बाईंनी हरकत घेतली. फर्मकडून इंग्रजीत उत्तर आलं की, सदर तुकडा सातबाऱ्यावर पोटखराबा आहे, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. तो भरला तर कुणाचं काय बिघडतं?

बाईंनी थेट फर्मच्या मुख्य भागीदाराला फोन लावला. मी त्यांना मोठेसाहेब म्हणतो. "पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बारा वाजता या," बाई म्हणाल्या. साहेबांना वाटलं, जेवायला बोलावलंय.

ते आले. चांगले उंचेपुरे, पायात चकचकीत बूट. बाईंनी त्यांना बांधावर चालवलं. दहाव्या पावलाला एक बूट चिखलात गेला आणि तिथेच राहिला. बाईंनी पिशवीतून चपलांचा जादा जोड काढून पुढे केला. एवढा मोठा वकील आकाशी रंगाच्या बायकी चपला घालून, अर्ध्या टाचा बाहेर ठेवून आमच्या खाडीच्या बांधावर चालला. मी मागे होतो. हसू दाबताना माझीच कूस दुखायला लागली.

त्या तथाकथित निरुपयोगी तुकड्यावर बाई थांबल्या. तिथे दगडी बांधणीची उघाडी होती. म्हणजे बांधातली झडप. भरतीला ती मिटून खाडीचं खारं पाणी बाहेर ठेवते आणि ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडते. उधाणाचं पाणी बांधाच्या काठोकाठ आलं होतं आणि उघाडीच्या फळ्यांवर धडका देत होतं. आतल्या अंगाला नजर पोचेल तिथवर हिरवं भात उभं होतं.

"हा तुमचा पोटखराबा," बाई म्हणाल्या. "हा भरला की आत तीन गावांचं भात मेलं. आणि पुढल्या पावसात पाण्याला वाट नाही म्हणून तुमची गोदामंही पोहणार."

साहेबांनी वाकून एकदा बाहेरचं पाणी बघितलं, एकदा आतलं भात. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या अहवालात हे नाही."

"अहवाल बसून केलाय ना."

कंपनीने तो तुकडा सोडला. गावात पोपटी लावली, मडक्यात भाजलेल्या त्या वालाच्या शेंगांची वाफ अंगावर घेत मीही चार घास जास्तच खाल्ले. आणि पंधरा दिवसांनी साहेबांचा फोन आला. आमच्या फर्ममध्ये या. जमिनींच्या कामाचा सगळा विभाग तुमच्याकडे देतो.

बाईंनी फोन आपटला. त्यांना वाटलं, आपल्याला फोडायला बघतायत. साहेबांनी पुन्हा फोन केला आणि सांगितलं, "आमच्याकडे एवढे वकील आहेत, पण पोटखराबा दिसतो कसा ते एकालाही ठाऊक नव्हतं. महिनाभर विचार करा."

तो महिना मला चांगला आठवतो. बाररूममध्ये दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे, नाकापेक्षा मोती जड. कुणी म्हणे, तिकडे बाईंना फायली वाहायला ठेवतील. मी सर्वांत शहाणा असल्यामुळे सर्वांत जास्त बोललो. "बडा घर पोकळ वासा, बाई. इथे तुम्हाला दोन तालुके ओळखतात. तिथे लिफ्टवालासुद्धा ओळखणार नाही."

खरं सांगायचं तर मला त्या जायला नको होत्या. टेबलापलीकडची खुर्ची रिकामी होणार म्हणून नको होत्या, आणि त्याहून खरं म्हणजे मला मत्सर वाटत होता. पंचवीस वर्षांच्या वकिलीत मला कुणी कुठे बोलावलं असेल तर ते नोटरीचा शिक्का घेऊन.

एका दुपारी कोर्टाच्या कँटीनमध्ये बाई एकदम म्हणाल्या, "वैद्य, मला भीती वाटते."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी चहाचा कप खाली ठेवला.

"सेहेचाळीस वय झालं. तिथली पोरं माझ्या पोरीच्या वयाची, आणि इंग्रजी कशी बोलतात, आपल्याला श्वास घ्यायला जागा ठेवत नाहीत. माझं इंग्रजी कागदावरचं. वाचते, समजतं, पण तोंडातून काढायचं म्हटलं की अडखळते. मी तोंड उघडलं आणि हसली तर? वर्षभरात 'बाई, जमत नाही तुम्हाला' म्हणाली तर? तोवर इथले पक्षकार गेलेले, खुर्ची गेलेली. मग काय, धुपाटणं घेऊन परत येऊ?"

"मग नाही म्हणा."

"तेही जमत नाही ना!" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांना अडवून धरलंय. "इथे मी एकेका शेताचा कागद खरा करत बसते. चुका होतात तिकडे, वरच्या मजल्यावर. मला तिथे बसायचंय. आणि दुसरं, म्हणजे हसू नका, मला बघायचंय मी केवढी आहे ते."

मी हसलो नाही. माझ्या पोटातला मत्सर मात्र त्या वाक्यानं लाजला.

शेवटी बाईंनी साहेबांना कळवलं की, येते, पण आधी तुम्ही माझी परीक्षा घ्या. सोबतीला मला घेतलं. एसटीनं गेलो. अकराव्या मजल्यावर काचेची खोली, आत थंडी इतकी की बाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. साहेब होते, आणखी पाचसहा जण होते. एका तरुण वकील मुलीने अस्खलित इंग्रजीत लांबलचक प्रश्न विचारला. बाईंनी तोंड उघडलं, "आय... आय थिंक..." आणि थांबल्या. खोलीत कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी एकाच वेळी आपापले कागद सारखे केले. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

मग बाई साहेबांकडे वळल्या. "मला बोलायला लावू नका. एक फाईल द्या."

रोह्याकडच्या जमिनीची फाईल पुढे आली. आठवड्याभरात खरेदीखत होणार होतं. बाईंनी पिशवीतून फूटपट्टी काढली. अर्धा तास खोलीत पानं उलटल्याचाच आवाज. मी दोन कप काळी कॉफी प्यायलो. बाईंच्या त्या परीक्षेपेक्षा ती कॉफी मला जास्त कठीण गेली.

"ही सुनंदा कोण?" बाईंनी मराठीत विचारलं.

फाईल तयार करणारा तरुण पुढे झाला. "ती कुणी नाही मॅडम. एक पत्र पाठवलंय तिने, मीही वारस आहे म्हणून. पण वारसनोंदीत तीन भाऊ आणि तीन बहिणी, ठकी, अनुसया आणि हिरा. तिन्ही बहिणींनी हक्कसोडपत्र दिलंय. सुनंदा नावाची मुलगी नाहीच."

"सुनंदा राहते कुठे?"

"निडीला."

"आणि हिराला दिली कुठे?"

त्याने वारसनोंद बघितली. "राहणार... निडी."

बाईंनी प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीकडे बघितलं. "तुमच्या आईचं माहेरचं नाव काय, बाळा?"

"प्रमिला."

"आणि आता?"

 मुलगी इंग्रजी विसरून म्हणाली, "अश्विनी. लग्नात बदललं."

"आमच्याकडे नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितो. त्या घडीपासून सासरी ती सुनंदा. पण बाप मेल्यावर भाऊ तलाठ्याकडे जातात तेव्हा बहिणीचं माहेरचंच नाव सांगतात. बापाच्या कागदावर ती जन्मभर हिराच राहते." बाईंनी पत्र उचलून समोर धरलं. "आता हे अक्षर बघा. मोत्यासारखं. आणि हे हक्कसोडपत्र, हिराच्या नावापुढे डाव्या हाताचा अंगठा. जिला असं लिहिता येतं ती अंगठा कशाला देईल?" त्यांनी फूटपट्टी त्या निळ्या ठशाखाली ठेवली. "हा अंगठा कुणाचा?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खोलीतल्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं की गेली दहा मिनिटं सगळे मराठीत बोलत होते.

"उद्या निडीला जाऊ," बाई म्हणाल्या. "कागदावरून मी नक्की सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले. यावेळी जुन्या चपला घालून. निडी स्टेशनपासून थोडं आत एक कौलारू घर. अंगणवाडीत काम करणारी एक बाई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. म्हात्रेबाई फाटकाशी थांबल्या आणि हळूच हाक मारली, "हिरा?"

तिच्या हातातलं सूप खाली आलं. "कोन गो?" ती उठत म्हणाली. "आई गेल्यापासून मना हिरा म्हननारं कोन उरलं नाय." आणि ती रडायला लागली. म्हात्रेबाईही रडल्या. साहेब फाटकावरच्या मोगऱ्याकडे बघत राहिले. मी कुठे बघत होतो ते सांगत नाही.

भावांनी दुसरीच बाई उभी करून अंगठा घेतला होता. खरेदी थांबली. फर्मनं भावांना बोलावून समज दिली. ते खोटं हक्कसोडपत्र रद्द झालं, आणि हिराचा वाटा हिराच्या नावावर लागला तेव्हाच पुढचा व्यवहार झाला.

परतताना गाडीत साहेब म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही आमची परीक्षा घ्या. काय अटी आहेत?"

बाईंनी त्या आधीच ठरवल्या असणार, कारण क्षणही लागला नाही. जागेवर चालून आल्याशिवाय एकही अहवाल त्यांच्या विभागातून बाहेर जाणार नाही. पेण-रोह्याचे हातातले दावे त्या निकालापर्यंत स्वतः चालवतील, आठवड्यातले दोन दिवस. आणि आजवर ज्यांचं वकीलपत्र घेतलं त्यांच्याविरुद्ध फर्मचं कितीही मोठं काम आलं तरी त्या उभ्या राहणार नाहीत. साहेबांनी तिन्ही मान्य केल्या. "लिहून द्या," बाई म्हणाल्या.

एवढं होऊनही त्यांनी होकार दिला नव्हता. इंग्रजीची भीती आता उरली नव्हती. अडलं होतं दुसरीकडे. जनाबाय नावाची त्यांची एक म्हातारी पक्षकार होती, उघाडीजवळच्या गावची. तिचा दावा अजून चालू होता. तिला सांगितल्याशिवाय बाई पुढे पाऊल टाकणार नव्हत्या, आणि सांगायची हिंमतही होत नव्हती. कंपन्यांच्या वकिलांत जाऊन बसणं म्हणजे गावाच्या नजरेतून उतरणं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बातमी जनाबायला आधीच लागली होती. एका तारखेला ती कोर्टाच्या आवारात आली, ओच्यातले वाल बाईंच्या पिशवीत ओतले आणि म्हणाली, "काय गो बाय, जातेस व्हय मुंबईला? त्यांच्यात?"

बाईंनी मान खाली घातली. वीस वर्षांत ती मान मी न्यायाधीशापुढेही खाली गेलेली बघितली नव्हती.

"अजून नाय ठरवलं, जनाबाय."

"नाय ठरवलं? आनि कवा ठरवनार, म्हातारी झाल्यावर?" जनाबायने कमरेवर हात ठेवले. "उघाडीवर आपला मानूस बसतो म्हनून आपलं भात रातं. खारं पानी काय आपल्या दारातनं येतं? लांबनंच येतं ना? मंग तकडं बी कोनतरी आपला बसाया नको? बस जाऊन. माझी केस तेवडी सोडू नको."

"नाय सोडणार."

"मंग जा ना गो! रडतेस काय?"

बाईंनी त्याच संध्याकाळी साहेबांना होकार कळवला.

घरी त्यांचे यजमान मधुकरराव म्हात्रे, पेणच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. अतिशय कमी बोलणारा माणूस. सबंध महिना त्यांनी या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. होकार दिल्याचं बाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कितीची गाडी लागेल तुला?" एवढंच. बाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "बघा ना वैद्य, एवढी मोठी गोष्ट, आणि हे विचारतात गाडी कितीची!" पण गाल लाल झाले होते.

पुढचं थोडक्यात सांगतो. जनाबायचा दावा त्यांनी जिंकला. फर्ममधल्या मुलांना त्यांनी बांधांवरून इतकं चालवलं की त्या विभागात नवीन माणूस घेताना पायाला काही दुखणं नाही ना, हे आधी विचारतात म्हणे. पाच वर्षांत त्या भागीदार झाल्या. इंग्रजी बोलायला शिकल्या. अडखळतात अजून, पण आता त्या अडखळल्या की समोरचा वाट बघतो. खाडीकडच्या किती गावांचं भात त्यांच्या एकेका शेऱ्यानं वाचलं, ते त्या गावांनाही ठाऊक नाही. आम्ही ज्यांना जमणार नाही म्हणत होतो त्या बाईंनी ते असं जमवलं. मला याचा जो आनंद झाला त्यात मत्सराचा एक कणही नव्हता. बरं, एक होता. पण एकच.

मला मात्र म्हात्रेबाई म्हटलं की दिसते ती त्यांच्या पहिल्या दिवसाची सकाळ. मी स्टँडवर गेलो होतो, सहज आलो असं दाखवत. मुंबईची गाडी फलाटाला लागलेली. बाई खिडकीशी बसल्या होत्या, नवी कोरी निळी साडी, चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलीसारखा. स्टँडवर नेहमीची गर्दी. रोह्याची, अलिबागची माणसं, मासळीच्या पाट्या, शाळेची पोरं. मधुकररावांची ड्यूटी होती. आपल्या खिडकीमागून ते एकदाही बाहेर आले नाहीत. निदान आज तरी या माणसाने येऊन दोन शब्द बोलावेत, असं मला फार वाटलं. रागच आला.

इतक्यात कर्णा खरखरला. मधुकररावांचा तो रोजचा सपाट आवाज, "पेणहून पनवेलमार्गे मुंबईला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे."

मग आवाज थांबला. नेहमी इथे बटण बंद झाल्याचा टक् असा आवाज येतो. तो आला नाही. सगळ्या स्टँडला कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता.

"या गाडीनं," कर्णा म्हणाला, "ॲडव्होकेट वत्सला मधुकर म्हात्रे मुंबईला चालल्या आहेत. आजपासून त्या तिथल्या मोठ्या फर्ममध्ये वकील म्हणून काम बघतील. त्या आमच्या... त्या आपल्या पेणच्या आहेत. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

क्षणभर कुणाला कळेना. मग मासळीच्या पाटीमागच्या एका बाईने टाळी वाजवली, शाळेच्या पोरांनी ती उचलली, आणि बघता बघता सगळा स्टँड टाळ्या वाजवू लागला. चहाच्या टपरीवाल्याने किटली वर धरली. बाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. डोळे भरून वाहत होते आणि तोंडाने त्या ओरडत होत्या, "अहो, पुरे आता! गाडी सोडा! पहिल्याच दिवशी उशीर होतोय मला!"

ड्रायव्हर हसत स्टिअरिंगवर हात टेकून बसला होता. कंट्रोलरनं सोडल्याशिवाय तो निघणार कसा? आणि कंट्रोलर आपल्या खिडकीत उभे राहून, दोन्ही हात वर करून, टाळ्या वाजवत होते.

गाडी सात मिनिटं उशिरा सुटली. मधुकररावांनी नोंदवहीत उशिराचं कारण म्हणून 'वैयक्तिक' असं लिहिलं आणि खाली सही केली.